डॉलीबाईंची नखं आणि त्यामागची नऊ गाणी

आधीच सांगते, मी काही कंट्री म्युझिकवाली (म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत ऐकणारी) नाही. घरात सकाळी अभंग, लग्नाकार्यात बँजो आणि कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर काका लावतील ते, एवढंच माझं संगीत. पण मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे, म्हणजे मस्टर, पंचिंग, ओव्हरटाइम, लेट मार्क, कुणाचं कार्ड चाललं नाही, कुणाचा अर्धा दिवस कापला गेला, सगळी बोंबाबोंब माझ्याच टेबलावर येते, तर एका मैत्रिणीने मला म्हटलं अगं तुझ्या धंद्यावर अख्खा अल्बम आहे, ऐकून तर बघ. म्हणून ऐकला. अमेरिकेतली कंट्री गायिका डॉली पार्टन, तिचा 'नाइन टू फाइव्ह अँड ऑड जॉब्स', नोव्हेंबर 1980 चा. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत खेळ खलास. मला घरून कंपनीत जायला बरोब्बर तेवढाच वेळ लागतो (तळेगाव चौकात ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे वर्षातून चारदा), त्यामुळे दोन-अडीच महिने येता-जाता हेच चाललंय. आता मतं इतकी साठलीत की लिहून मोकळी होते.

पहिलं गाणं 'नाइन टू फाइव्ह'. हे तुम्ही ऐकलेलं असणार, नाव माहीत नसलं तरी. सुरुवातीला पियानो ठोकत ठोकत येतो आणि त्यात टकटक टकटक असा टाइपरायटरसारखा आवाज आहे ना, तर त्याची गोष्ट भारी आहे. डॉलीबाई तेव्हा त्याच नावाच्या सिनेमात काम करत होत्या, जेन फोंडा आणि लिली टॉमलिनबरोबर, त्यांचा पहिलाच सिनेमा. सेटवर रिकामा वेळ भरपूर, आणि बाईंची ती लांबच लांब अॅक्रिलिकची नखं, ती एकमेकांवर घासली की टाइपरायटर चालल्यासारखा आवाज येतो हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या तालावर बसल्या बसल्या गाणं जुळवलं. मग रेकॉर्डिंगमध्येही ती नखं वाजवली, आणि अल्बमवर वादकांच्या नावांमध्ये नखं वाजवल्याचं श्रेयसुद्धा छापून घेतलं. मला हा प्रकार बेहद्द आवडला. आमच्या इथे मी तीन वर्षं खपून शिफ्ट अॅलोकेशनची एक्सेल शीट बनवली तर वरच्या साहेबांनी ती मीटिंगमध्ये 'मी डेव्हलप केली' म्हणून दाखवली. आणि गंमत म्हणजे गाण्यात तक्रार नेमकी हीच आहे! डोकं आमचं वापरायचं आणि नाव मात्र द्यायचं नाही. पहिल्यांदा शब्द नीट कळले तेव्हा बसमध्ये एकटीच हसले, शेजारचा ऑपरेटर बघायला लागला.

चाल मात्र अशी उड्या मारणारी की कुणाला वाटेल बाई सहलीला निघालीये. म्हणूनच हे गाणं कुठेही खपतं. आमच्या एचआरने वुमन्स डेला हेच लावलं होतं, प्रत्येकीला एक गुलाब, एक पेन आणि वर हे गाणं. म्हणजे साहेब लोक बायकांना कसे पिळतात यावरचं गाणं साहेब लोकांनीच स्पीकरवर लावलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. शब्द ऐकतो कोण.

सिनेमात तीन बायका आपल्या बॉसला घरात बांधून ठेवतात आणि ऑफिस स्वतः चालवतात, मग कामाच्या वेळा सोयीच्या होतात, पाळणाघर येतं वगैरे. पण ते नाव सिनेमावाल्यांच्या डोक्यातून आलेलं नाही हे मला नंतर कळलं. बॉस्टनमध्ये 1973 साली ऑफिसात काम करणाऱ्या बायकांनी खरोखरची एक संघटना काढली होती, करेन नुसबॉम आणि एलन कॅसेडी या दोघी त्यात पुढे होत्या, तिचंच नाव 'नाइन टू फाइव्ह'. जेन फोंडा त्यांना ओळखत होती, तिथून सिनेमा आला. म्हणजे आधी टायपिस्ट आणि क्लार्क बायका भांडल्या, मग सिनेमा झाला, मग नखं वाजली. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, नाहीतर सगळं श्रेय परत स्टार लोकांनाच.

गाणं फेब्रुवारी 1981 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या गाजलेल्या गाण्यांच्या मुख्य यादीत एक नंबरला गेलं, कंट्रीच्या यादीतही एक नंबर, दोन ग्रॅमी मिळाले, ऑस्करला नामांकन झालं पण बक्षीस 'फेम' सिनेमाच्या गाण्याला गेलं. ठीक आहे.

आता खरी गोष्ट. हे गाणं म्हणजे दुकानाची शोकेस आहे. लोक त्यावर भाळून अल्बम घेणार हे बाईंना पक्कं माहीत होतं, आणि आत गेल्यावर काय मिळतं तर कोळशाची खाण, शेतमजूर, मोटारीचा कारखाना, कोठा, गरीब वस्ती. नावातच सांगून ठेवलंय, नऊ ते पाच 'आणि' बाकीची फुटकळ कामं. जगातल्या बहुतेक माणसांची कामं त्या फुटकळमध्येच येतात.

आणि हे गायचा त्यांना हक्क आहे असं मला वाटतं, कारण चमकी लावलेला ड्रेस आणि सोनेरी विगचा डोंगर यावर जाऊ नका. जन्म 1946 चा, टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या सेव्हियर काउंटीत, बारा भावंडं, या चौथ्या. वडील तंबाखू पिकवायचे, लिहिता-वाचता येत नव्हतं. बाळंतपण केलं त्या डॉक्टरला पैसे नव्हते म्हणून मक्याच्या पिठाची पिशवी दिली. 1964 मध्ये शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई नॅशव्हिलला. पुढे एल्विस प्रेस्लीला त्यांचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' गायचं होतं, त्याच्या मॅनेजरने गाण्याचे अर्धे हक्क मागितले, तर बाईंनी रडत रडत का होईना पण नाही म्हणून सांगितलं. एल्विसला! नंतर 1992 ला व्हिटनी ह्यूस्टनने तेच गायलं आणि हक्क बाईंकडेच असल्यामुळे पैसा कुठे गेला ते सगळ्यांना माहितीये. आपल्या कामाची किंमत कळलेली बाई आहे ही. म्हणून पहिल्या गाण्यातली ती श्रेयाची तक्रार तोंडी लावायला आलेली नाही.

दुसरं गाणं 'हश-अ-बाय हार्ड टाइम्स', वाईट दिवसांनाच अंगाई म्हणून झोपवायचं, कल्पना गोड आहे, गाणं बरं. 'वर्किंग गर्ल' बाईंनी स्वतःच लिहिलंय पण पहिल्या गाण्याची धाकटी बहीण वाटते, तेच बोलणं, तेवढी धार नाही. 'सिंग फॉर द कॉमन मॅन' मला युनियनच्या बॅनरसारखं वाटलं, लांबून दिसतं छान, जवळ गेलं की नुसतं कापड.

पण चौथं गाणं. 'डिपोर्टी'.

याच्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. 28 जानेवारी 1948 ला कॅलिफोर्नियात लॉस गाटोस नावाच्या दरीत एक विमान पडलं. त्यात 32 माणसं होती, सगळी गेली. त्यातली 28 मेक्सिकन शेतमजूर होती, तिकडच्या बागांमध्ये फळं-भाज्या तोडायला आलेली, काहींचं काँट्रॅक्ट संपलेलं, काही कागदांशिवाय आलेली, आणि सरकार त्यांना परत सीमेकडे पाठवत होतं. उरलेले चार म्हणजे विमानातले तीन कर्मचारी आणि एक इमिग्रेशनचा गार्ड. बातम्यांमध्ये या चौघांची नावं आली. बाकीच्या 28 जणांना काय, तर 'डिपोर्टी'. हद्दपार केलेले. बस. फ्रेझ्नोच्या दफनभूमीत सगळ्यांना एका खड्ड्यात पुरलं, वर नाव नाही. वुडी गथ्री या गायक-कवीने ती बातमी ऐकून कविता लिहिली, त्यात त्याने त्या माणसांना हुआन, रोसालिता अशी नावं स्वतःच दिली आणि त्यांचा निरोप घेतला. दहाएक वर्षांनी मार्टिन हॉफमन नावाच्या माणसाने चाल लावली आणि मग ती कुणी कुणी गायली त्याला मोजदाद नाही. थडग्यावर खरी नावं कोरली गेली ती थेट 2013 ला, म्हणजे पासष्ट वर्षांनी, तीही टिम हर्नांडेझ नावाच्या लेखकाने वर्षानुवर्षं माग काढला म्हणून.

डॉलीबाई हे गाताना आवाज अजिबात चढवत नाहीत. बाकी अल्बमभर त्यांचा तो थरथरता, वरच्या पट्टीतला, किंचित लहान मुलीसारखा आवाज आहे, तो इथे त्यांनी खाली आणून ठेवलाय. शेजारीण ओट्यावर बसून गावातली वाईट बातमी सांगते ना, भाजी निवडता निवडता, तसं. रडू येईल असं काहीच केलेलं नाही आणि तरी माझ्या घशात काहीतरी अडकलं.

याचं एक कारण माझंच आहे. आमच्याकडे पर्मनंट लोकांचं मस्टर वेगळं, त्यात नाव, टोकन नंबर, फोटो, सगळं. काँट्रॅक्टरच्या माणसांचं नाव कागदोपत्री असतं कुठेतरी त्यांच्या रजिस्टरला, पण सकाळी गेटवर मला सांगायची पद्धत काय, तर सुपरवायझर येतो, "मॅडम, आज प्रेस शॉपला बावीस टाकलेत, पेंट शॉपला नऊ." टाकलेत. मी लिहिते बावीस आणि नऊ. एकदा संध्याकाळी मोजणी केली तर एक माणूस कमी भरला, बाहेर पडल्याची नोंदच नाही. दोन तास सगळे शोधतायत, आणि हाक काय मारायची तेच कुणाला येईना, प्रेस शॉपवाले म्हणतात तो उंचसा, पेंट शॉपवाले म्हणतात तो नवीन आलेला. सापडला, रॅकच्या मागे पुठ्ठ्यावर झोपला होता, डबल ड्यूटी झालेली. हसून सोडून दिलं सगळ्यांनी, मीही हसले तेव्हा. गाणं ऐकल्यापासून मात्र तो बावीस आकडा लिहिताना हात जरा थांबतो. लिहिते मात्र बावीसच, सिस्टिममध्ये दुसरा कॉलम नाही.

मी फुकटचं अॅप वापरते त्यामुळे मध्ये जाहिराती येतात, आणि एकदा 'डिपोर्टी' संपल्या संपल्या दहा मिनिटांत पर्सनल लोन देणारी जाहिरात किंचाळली. अॅपला काय कळणार म्हणा.

त्यानंतर मला सगळ्यात जवळचं वाटलेलं गाणं 'डेट्रॉइट सिटी'. हे मूळ बाईंचं नाही, डॅनी डिल आणि मेल टिलिसने लिहिलेलं, 1963 मध्ये बॉबी बेअरने गाजवलेलं. दक्षिणेतला एक पोरगा डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात आलाय, दिवसा गाड्या बनवतो, रात्री बारमध्ये, आणि घरी पत्रात लिहितो मी मजेत आहे. घरच्यांना वाटतं पोरगा शहरात लई मोठा झाला. त्याला मात्र झोपेत कापसाची शेतं दिसतात. आता चाकणला लोक भारताचं डेट्रॉइट म्हणतात (चेन्नईवालेही स्वतःला तेच म्हणवतात, ते भांडण त्यांचं त्यांनी मिटवावं), तर हे गाणं मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. लातूर, बीड, हिंगोली, यवतमाळहून आलेली ट्रेनी पोरं, एका खोलीत सहा, आईचा फोन आला की "हो जेवलो, भाजी-पोळी, चांगलंय," आणि समोर वडापावचा कागद. पत्राच्या जागी व्हिडिओ कॉल आलाय, त्यात कॅमेरा भिंतीच्या चांगल्या बाजूला धरायचा एवढाच फरक. आपल्याकडे अण्णाभाऊंच्या मैनेच्या छक्कडीत हीच कळ आहे, मैना गावाकडे आणि गडी मुंबईत, फक्त अण्णाभाऊ तिथून पुढे सगळ्या मुंबईलाच उभं करतात आणि डेट्रॉइटवाला बिचारा घरी जायचंय, घरी जायचंय म्हणतच संपतो.

एक गोष्ट खटकली ती अशी की बाईंच्या तोंडी हे गाणं थोडं फारच टापटीप झालंय. बॉबी बेअरचं मी नंतर मुद्दाम ऐकलं, त्यात तो मधेच गाणं सोडून नुसतं बोलतो, आणि ते बोलणं काळजात जातं.

आणि इथे माझी मुख्य तक्रार येते. अल्बमचा निर्माता माइक पोस्ट, हा टीव्ही मालिकांची शीर्षक-संगीतं करणारा गडी, 'द रॉकफर्ड फाइल्स'चं त्याचंच. (पहिलं गाणं तेवढं ग्रेग पेरीचं काम आहे, आणि तो फरक कानाला कळतो.) तर काही काही गाणी खरंच सिरियलच्या टायटलसारखी वाजतात, सगळं पुसून पॉलिश करून, मागे कोरस, कडेने तारवाद्यं, कुठे धूळ म्हणून नाही. खाणीवरच्या गाण्याला तर धूळ पाहिजे की नको? 'डार्क अॅज अ डंजन' हे मर्ल ट्रॅव्हिसचं, केंटकीचा, बाप कोळशाच्या खाणीत. गाण्यात तो पोरांना सांगतो की या खाणीच्या नादी लागू नका, दारूसारखी सवय लागते, रक्त कोळशासारखं काळं होतं, आणि शेवटी म्हणतो मी मेल्यावर माझाही कोळसा होईल आणि मी वरून बघेन तर कुणीतरी माझीच हाडं खणत असेल. काय भयंकर कल्पना आहे ही! एवढं गाणं एक गिटार आणि एक आवाज यावर सोडून दिलं असतं तर मी या अल्बमला पाचपैकी पाच दिले असते. तरी गाणं इतकं पक्कं आहे की सजावटीखाली दबत नाही, आणि बाई सूर लावतात तो मनापासून. पण मला सारखं वाटत राहतं की मागच्या मंडळींनी जरा चहाला जायला हवं होतं.

'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे तर मला कळलंच नाही. न्यू ऑर्लिन्सच्या बदनाम घराचं जुनं लोकगीत, लेखक कोण माहीत नाही, 1964 ला अॅनिमल्स नावाच्या इंग्लिश बँडने जगभर नेलं, पण ते पुरुषाच्या तोंडी आहे. इथे ते बाईच्या तोंडी परत आणलंय आणि कामांच्या यादीत बसवलंय, हा विचार खरंच धाडसी, 1980 मध्ये टायपिस्ट आणि खाणकामगाराच्या शेजारी कोठ्यावरच्या बाईला बसवणं काही साधी गोष्ट नाही. पण केलंय काय, तर खाली डिस्कोसारखा ठेका! पाय हलतात आणि मग लाज वाटते की कशावर हलतायत.

'बट यू नो आय लव्ह यू' छोटं, साधं, कमवायला बाहेर राहावं लागतं म्हणून माणूस घरापासून तुटतो एवढंच सांगतं, आणि कंट्रीच्या यादीत हेही एक नंबरला गेलं. माझ्या नवऱ्याची तिसरी शिफ्ट असते त्या आठवड्यात आमची भेट जिन्यात होते, मी उतरतेय आणि तो चढतोय, "दूध तापवलंय" आणि "गॅस बुक कर" एवढं बोलून. म्हणून हे गाणं मी दोनदा लावते. त्याला ऐकवलं तर म्हणाला इंग्लिश कळत नाही, झोपू दे.

शेवटचं 'पुअर फोक्स टाउन' मात्र वगळते. पैसा नसला तरी आम्ही प्रेमाने श्रीमंत, अशा थाटाचं. बाईंनी स्वतः गरिबी भोगलीये म्हणून त्यांना तोंडावर काही बोलवत नाही, पण खाण, विमान आणि डेट्रॉइट इतकं सगळं ऐकवून झाल्यावर निघताना हे ऐकवायचं? ज्या घरात डॉक्टरला पीठ द्यावं लागलं तिथे तेवढं पीठ घरातून कमी झालं असणार ना. दूरून आठवताना गरिबी गोड होते, बाकी काही नाही. मी प्लेलिस्टमध्ये ते काढून 'डार्क अॅज अ डंजन' शेवटी टाकलंय. ऐकणार असाल तर तसंच करा, अल्बम निदान अर्धा स्टार वर चढतो.

म्हणजे माझ्याकडून साडेतीन, क्रम बदलला तर चार. इंग्रजी जेमतेम येत असेल तरी चालेल, बाईंचे उच्चार स्वच्छ आहेत, दोन-तीनदा ऐकलं की शब्द सुटतात, न सुटले तर नेटवर लिहिलेले मिळतात. स्वस्त इअरफोनवर पहिलं गाणं छान वाजतं पण 'डिपोर्टी' बसच्या इंजिनात बुडतं, ते घरी रात्री ऐका.

परवा डिस्पॅचच्या एका ताईला मी एक इअरफोन दिला, म्हटलं बघा, आपल्यावर गाणी आहेत. तिने 'डिपोर्टी'ला खिडकीबाहेर बघितलं, 'डेट्रॉइट'ला व्हॉट्सअॅप उघडलं, आणि नेमकं त्या डिस्कोवाल्या कोठ्याच्या गाण्याला म्हणाली, "मॅडम, हे मस्तंय, परत लावा ना." आता रोज सकाळी तळेगाव चौकात तेच लागतं.